तुळस, स्टेरॉइड आणि दहा पास्कल

इंग्लंडात येऊन मला आता बारा-तेरा वर्षं झाली. एवढ्या काळात माझा पाणउतारा बऱ्याच जणांनी केलाय. पण एका केरळच्या सिस्टरने अत्यंत गोड आवाजात केलेला पाणउतारा मी जन्मात विसरणार नाही, कारण ती शंभर टक्के बरोबर होती आणि मला ते तिच्याआधी कळायला हवं होतं.

तर झालं असं. आमच्या मँचेस्टरच्या मराठी मंडळींमध्ये एक दादा आहेत. नात्याने कुणाचेच नाहीत, पण सगळ्यांचे दादा. गणपतीत आरतीची पट्टी ठरवणार ते, नवीन आलेल्या पोराला बँकेत खातं उघडून देणार ते. मी पीएच.डी.ला आलो तेव्हा मला विमानतळावर न्यायला तेच आले होते, वहिनींनी दिलेला पोळी-भाजीचा डबा घेऊन. २०२३च्या उन्हाळ्यात दादांना रक्ताचा कर्करोग निघाला. ल्युकेमिया. केमोथेरपी झाली, मग बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं. नागपूरचा धाकटा भाऊ दाता म्हणून जुळला, तो आला, सगळं पार पडलं.

त्यानंतर आठवड्याभराने मी भेटायला निघालो. माझी आई तेव्हा इथेच होती. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत बी टाकून तुळस लावली होती, वीतभर वाढलेली. ती तिने मला दिली. "दवाखान्यात उशाशी असू दे. हवा शुद्ध राहते." दुसऱ्या पिशवीत घरचं लिंबाचं लोणचं आणि घरी विरजलेलं दही. "तोंडाला चव नसेल रे त्यांच्या."

वॉर्डाला दोन दारं होती. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, मध्ये हात धुवायला बेसिन. मी तिथे बाह्या वर करून हात धूत होतो तेवढ्यात सिस्टरने पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे काय आहे?"

"तुळस. होली बेसिल."

"मला माहितेय तुळस काय असते. ही माती आहे ना?"

"हो."

"मग ही तुमच्या गाडीत ठेवून या. दहीपण. लोणचंपण." आणि मग हसून, "आईंना सांगा, तुळशीवर माझा राग नाही. मातीवर आहे."

आता यातली शरमेची गोष्ट अशी की मी डॉक्टरेट केली ती हवेतल्या बारीक कणांवर. खोलीत कण कसे फिरतात, फिल्टरमध्ये कसे अडकतात, यावर साडेतीन वर्षं घालवून मी नावामागे डॉक्टर लावलं. आजही माझी नोकरी फिल्टर आणि हवेच्या नळ्या तपासण्याची आहे. आणि असा हा तज्ज्ञ माणूस मातीची कुंडी घेऊन ट्रान्सप्लांट वॉर्डाच्या दारात उभा! गाडीत बसून मी पाच मिनिटं स्वतःलाच शिव्या घातल्या.

मंडळी, बुरशी आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर येते, लोणच्यावर बुरा येतो, भाकरी दोन दिवस राहिली की हिरवट ठिपके दिसतात. या बुरशीचे बीजाणू सतत हवेत उडत असतात. ॲस्परजिलस फ्युमिगॅटस नावाची बुरशी घ्या. तिचा बीजाणू दोन ते तीन मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढा. असे शेकडो बीजाणू तुम्ही-मी रोज श्वासातून आत घेतो. हा लेख वाचता वाचताही काही घेतले असतील. आपल्याला काही होत नाही, कारण फुप्फुसात पहारेकरी पेशी असतात आणि त्यांच्या मदतीला रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात या न्यूट्रोफिल दोन हजारांपासून सात हजारांपर्यंत असतात. केमोथेरपी आणि ट्रान्सप्लांटनंतर त्या पाचशेच्या खाली जातात, कित्येकदा शून्यावर. दादांच्या खोलीतल्या फळ्यावर त्या दिवशीचा आकडा लिहिलेला होता: शून्य. म्हणजे गावाला पोलीस चौकीच नाही. एरवी ज्या चोराकडे आपण ढुंकूनही बघत नाही, तो अशा वेळी घर लुटून जातो.

मग या बीजाणूंना अडवायचं कसं? माणसाचा श्वास तर थांबवता येत नाही. म्हणून खोलीचा श्वास गाळतात, आणि इथे आमची जमात उपयोगी पडते.

बहुतेकांना वाटतं फिल्टर म्हणजे चाळणी. भोक लहान, कण मोठा, कण अडकला. हेपा फिल्टर तसा चालत नाही. तो म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचं जंगल. मोठा कण हवेबरोबर वळणं घेऊ शकत नाही, सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू इकडून तिकडून ढकलत राहतात, तो झिंगलेल्या माणसासारखा भरकटत जाऊन तंतूला चिकटतो. सगळ्यात चकवा देणारा कण मधल्या आकाराचा, साधारण ०.३ मायक्रॉनचा. म्हणून फिल्टरची परीक्षा त्याच आकारावर घेतात, आणि तिथेही चांगला हेपा फिल्टर ९९.९ टक्क्यांहून जास्त कण पकडतो. दोन-तीन मायक्रॉनचा बीजाणू त्याच्यापुढे किस झाड की पत्ती.

पण नुसती हवा गाळून भागत नाही. दाराच्या फटीतून बाहेरची हवा आत आली तर सगळं मुसळ केरात. म्हणून खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे फटीतून हवा नेहमी बाहेरच जाते. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे अशा रुग्णांच्या वॉर्डात हा फरक दहा पास्कल असतो आणि खोलीतली हवा तासाला दहा वेळा बदलली जाते. दहा पास्कल म्हणजे किती? ताटलीत एक मिलिमीटर पाणी ओता. त्या पाण्याचा तळावर जेवढा भार, तेवढा. बस्स. एवढ्याशा दाबाच्या भरवशावर दादा तिथे झोपले होते.

आणि हा सगळा खटाटोप एक गाढव कुंडी घेऊन आत आला की संपला. फिल्टर छतात, माती उशाशी! फुलदाणीतलं शिळं पाणी, कुंडीतली ओली माती, बुरशीचं चीज, शिजल्यावर वरून घातलेली कच्ची मिरपूड, या सगळ्यात बीजाणू किंवा जंतू असू शकतात. प्रत्येक युनिटचे खाण्याचे नियम थोडे वेगळे असतात, पण कुंडी आणि फुलं जवळपास सगळीकडेच बंद. हॉस्पिटलच्या आवारात बांधकाम निघालं तर आणखी पंचाईत, कारण जुनी भिंत फोडली की धुळीबरोबर बीजाणूंचे लोटच्या लोट उठतात. म्हणून आधी प्लॅस्टिकचे पडदे, वेगळे रस्ते, हवेची तपासणी, आणि मगच हातोडा.

बरं, बुरशी हवेतूनच येते असंही नाही. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ रुग्णालयातली गोष्ट ऐका. तिथल्या मेंदूविकारांच्या आयसीयूत कँडिडा ऑरिस नावाची बुरशी शिरली. ही २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात पहिल्यांदा ओळखली गेली, आणि बऱ्याच औषधांना दाद देत नाही. २०१५ ते २०१७ या काळात ऑक्सफर्डला ७० रुग्णांच्या अंगावर किंवा शरीरात ती सापडली. त्यांतले ६६ त्या आयसीयूत राहून गेलेले होते. सात जणांमध्ये ती शरीरात खोलवर गेली. साफसफाई वाढवली तरी थांबेना. शेवटी सापडलं काय, तर काखेत लावायचे तापमापक! पुन्हा पुन्हा वापरायचे, एकाच्या काखेतून दुसऱ्याच्या काखेत. ते बंद केले आणि साथ आटोक्यात आली. २०१८ साली यावरचा शोधनिबंध वाचला तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता. हा शोध सूक्ष्मजीवशास्त्राचा तर आहेच, पण कोणती वस्तू कोणाकडून कोणाकडे जाते हे चिकाटीने लिहून काढणं, ही शुद्ध इंजिनिअरिंगची सवय आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? औषधं आहेत की! आहेत, पण थोडी. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जास्त जवळची, त्यामुळे तिला मारेल आणि आपल्याला सोडेल असं औषध मिळणं अवघड. खोलवरच्या संसर्गासाठी औषधांचे मुख्य गट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतलं फ्लुकोनाझोल इंग्लंडातच, केंट परगण्यातल्या सँडविच नावाच्या गावात शोधलं गेलं (हो, गावाचं नाव खरंच सँडविच आहे), पण ते ॲस्परजिलसवर चालत नाही. बुरशीवर माणसासाठी मंजूर झालेली लस आजपर्यंत एकही नाही. म्हणून ज्यांना मोठा धोका असतो त्यांना आजार व्हायच्या आधीच गोळी देतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केमोथेरपीमुळे न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णांना आधीपासून पोसाकोनाझोल दिलं. त्यांच्यात खोलवरचा बुरशीसंसर्ग २ टक्क्यांना झाला, आधीची औषधं घेणाऱ्यांत ८ टक्क्यांना. दादांच्या गोळ्यांच्या डबीत तीही होती. वहिनी तिला "बुरशीची गोळी" म्हणायच्या.

आता खरं सांगायचं ते सांगतो. इतका वेळ मी फिल्टर आणि पास्कलच्या मागे लपलो होतो.

माझे काका कऱ्हाडला असतात. १६ जून २०२० या दिवशी मी इथे लॉकडाउनमध्ये घरी होतो. बातमी आली की ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने कोविडचे मृत्यू कमी झाले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत एक तृतीयांशाने, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. मात्रा फक्त ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. मला कोण अभिमान वाटला! आमच्या इंग्लंडने औषध शोधलं म्हणून. (इंग्लंड अशाच वेळी आमचं होतं.) मी लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "ऑक्सफर्डला औषध सापडलं. डेक्सामेथासोन. भारतात कुठेही मिळतं. स्वस्त."

त्याच बातमीत आणखी एक ओळ होती. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना याचा फायदा दिसला नाही. ती ओळ मी वाचली होती. लिहिली नाही. एवढा तपशील कोण वाचतंय, असं वाटलं.

एप्रिल २०२१मध्ये काकांना कोविड झाला. वय ६१, मधुमेह पंधरा वर्षांचा. ऑक्सिजन ९७. ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणा डॉक्टरांनी घरीच स्टेरॉइड सुरू केलं. त्या महिन्यात गावोगाव हेच चाललं होतं, डॉक्टरही घाबरलेले, लोकही घाबरलेले. काकांनी मला फोन केला. "अरे, यात ते तुझं ऑक्सफर्डचं औषध आहे बघ."

मी म्हणालो, "चांगलं आहे काका. घ्या."

साखर किती आहे हे मी विचारलं नाही. ऑक्सिजन लागतोय का, हेही नाही.

कोविड बरा झाला. तिसऱ्या आठवड्यात डावा गाल जड वाटू लागला, वरची दाढ दुखू लागली. दाताचं असेल म्हणून चार दिवस गेले. मग डावी पापणी खाली आली. साखर चारशेच्या वर होती. म्युकरमायकोसिस. पेपरांनी ज्याला काळी बुरशी म्हटलं तो आजार. ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडवते आणि मेलेला भाग काळा पडतो. तिचे बीजाणूही आपल्याकडे माती, धूळ, कुजक्या पाल्यात सर्वत्र असतात. वाढलेली साखर तिला खाऊ घालते आणि पहारेकऱ्यांना सुस्त करते. स्टेरॉइड एकीकडे साखर आणखी वाढवतं, दुसरीकडे पहारेकऱ्यांना झोपवतं. दोन्ही कामं एकाच गोळीने.

मे महिनाभर माझी चुलतबहीण ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी कोल्हापूर, पुणे अशी वणवण करत होती. देशभर तुटवडा होता. इथून पैसे पाठवता येत होते, इंजेक्शन पाठवता येत नव्हतं. काकांचा जीव वाचला. डावा डोळा काढावा लागला. जुलै २०२१पर्यंत देशात ४५,०००हून अधिक लोकांना हा आजार झाल्याचं आणि ४,३००हून अधिक मृत्यूंचं सरकारने संसदेत सांगितलं. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये होते.

माझ्या मेसेजमुळे हे झालं का? डॉक्टर असलेला माझा एक मित्र म्हणतो, वेडा आहेस, तू सांगितलं नसतंस तरी त्यांना तेच औषध मिळालं असतं. असेलही. पण मला कोणी विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. आणि मी "घ्या" म्हणालो होतो.

डेक्सामेथासोन वाईट नाही. त्याने असंख्य जीव वाचवले, आणि ज्यांना लागतं त्यांना ते मिळायलाच हवं. वाईट होतं ते अर्धं वाक्य. तुळसही वाईट नव्हती. चांगली गोष्ट, चांगल्या मनाने, चुकीच्या दारातून आत नेली की काय होतं, ते मला दोनदा शिकावं लागलं. त्यातल्या एका वेळी दारात सिस्टर उभी होती. दुसऱ्या वेळी दारात मीच उभा होतो.

म्हणून या वेळी पूर्ण वाक्य लिहितो. तुमच्या घरात कोणी केमोथेरपी घेत असेल, किडनी किंवा दुसऱ्या अवयवाचं प्रत्यारोपण झालेलं असेल, संधिवातासाठी किंवा आणखी कशासाठी बराच काळ स्टेरॉइड चालू असेल, किंवा मधुमेह हाताबाहेर असेल, तर एवढं बघा.

स्टेरॉइड स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि चालू असलेलं स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. तेही घातक असतं. ते चालू असताना साखर रोज मोजा, आधी मधुमेह नसला तरी डॉक्टरांना विचारून मोजा. बुरशी टाळण्यासाठी गोळीची गरज आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा.

दिवाळीआधी माळा झाडणं, जुनी भिंत पाडणं, कुंड्यांची माती बदलणं, शेणखत-कंपोस्ट उलटंपालटं करणं, ही कामं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावीत, आणि त्या वेळी रुग्ण तिथे नसावा. बाहेर धुळीत जावंच लागलं तर एन-९५ मास्क. गॅलरीत कबुतरांची विष्ठा साठली असेल तर ती रुग्णाने साफ करू नये, त्यात क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असू शकते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर नुसता रंग मारू नका, पाणी कुठून येतंय ते शोधा. बुरा आलेली भाकरी, पाव "वरचं काढून" रुग्णाला देऊ नका.

केमोथेरपी चालू असताना ताप ३८ अंश, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १००.४ झाला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. आणि धोका असलेल्या माणसाला एका बाजूचा चेहरा दुखणं, सूज, नाकातून काळपट स्राव, दात हलणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. काकांचे ते चार दिवस मला अजून मोजता येतात. आणि हो, म्युकर किंवा ॲस्परजिलस एका माणसाकडून दुसऱ्याला साधारणपणे लागत नाही. २०२१मध्ये काकांच्या घरी शेजारी येईनासे झाले होते, त्याचं काही कारण नव्हतं.

प्रतिबंधाची गंमत अशी की तो यशस्वी झाला तर काहीच दिसत नाही. न झालेल्या आजाराचे पेढे कोणी वाटत नाही. दादांना बुरशीचा संसर्ग झाला नाही. फिल्टरमुळे, गोळीमुळे, सिस्टरमुळे की नशिबाने, ते कधीच कळणार नाही. २०२४च्या गणपतीत ते आले, मास्क लावून उघड्या खिडकीजवळ उभे राहिले आणि तिथूनच पट्टी चुकल्याबद्दल सगळ्यांना झापलं. आईची तुळस इंग्लंडच्या हिवाळ्यात टिकली नाही. दादा टिकले.

आणि काका? त्यांनी मला कधीच बोल लावला नाही. एकदा मीच विषय काढला तर म्हणाले, "अरे, तू लांबून काय करणार होतास? सोड." मी सोडलेलं नाही. त्यांनाही ते कळलं असावं, कारण तेव्हापासून ते रोज सकाळी उपाशीपोटीची साखर मोजतात आणि मला आकडा पाठवतात. बाकी काही लिहीत नाहीत. मी उठतो तेव्हा तो आलेला असतो.

आज ११८ होती.